बिल्ल्यावरचा जिल्हा

बोर्लीजवळच्या एका गावचा माझा वाचक दीपक, त्याचा मेसेज आला तेव्हा मी दिवेआगरला जायचं निमित्तच शोधत होतो. 'सर, आजीकडे तिच्या वडिलांचा मिलिटरीचा बिल्ला आहे, दुसऱ्या महायुद्धातला. शाळेसमोर गावच्या शहीद सैनिकांच्या नावांची पाटी बसतेय, कमिटी पुरावा मागतेय. बिल्ला खरा आहे का सांगाल?' जुन्या लष्करी वस्तू गोळा करायचा मला नाद आहे आणि त्याहून मोठा नाद दुसऱ्यांच्या वस्तू खोट्या ठरवायचा, हे या ब्लॉगच्या वाचकांना आता ठाऊक झालंय. 'फोटोवरून मत देत नाही' असं ऐटीत कळवलं आणि बॅग भरली.

जाणाऱ्यांसाठी वाट सांगून ठेवतो. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगाव, तिथून म्हसळा आणि पुढे बोर्ली पंचतन. स्वतःची गाडी असेल तर पाच तास धरा, एसटीने सहा-सात. माणगावच्या चौकात अडकलात तर चिडून उपयोग नाही, मी चिडून पाहिलं. दिवाळी उलटली होती तरी आभाळात मळभ होतं. घाटातले धबधबे आटलेले, गवत पिवळं पडलेलं, आणि गाडीत बोलणारं कुणी नाही. म्हसळ्याच्या स्टँडजवळ मिसळ खाल्ली, साठ रुपये. जास्तीची तर्री मागितली तर मालकाच्या कपाळावर आठी पडली.

बोर्लीत एका घरी खोली घेतली, दोन वेळच्या जेवणासकट बाराशे. संध्याकाळी दिवेआगरच्या किनाऱ्यावर जाऊन आलो. वादळात पडलेल्या सुरूंची खोडं अजून तशीच पडून होती आणि समुद्र राखाडी दिसत होता. मन रमलं नाही, लवकर परतलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीपक मोटरसायकल घेऊन आला. रोह्याच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे, आजीसाठी दोन दिवसांची रजा काढून आलेला. त्याचं गाव डोंगराच्या कुशीत, पंचवीस-तीस घरांचं, चारी बाजूंनी कापलेल्या भाताची शेतं. आजीचं नाव तानीबाई. वय ऐंशीच्या पुढे, पण पाठ ताठ. तिने देव्हाऱ्यातली डबी आणली आणि बिल्ला माझ्या हातावर ठेवला. त्यावर हळद-कुंकवाचा थर बसला होता.

"बघा बाबा," ती म्हणाली. "माजा बा. मी आईच्या पोटात व्हते तवा गेला. मना त्याचा येवढाच दर्शन हाय."

मी भिंग काढलं. सैनिकाच्या गळ्यातले ओळखीचे बिल्ले त्या काळी बहुतेक जाड पुठ्ठ्यासारख्या फायबरचे असत, प्रत्येकाला दोन, एक लाल, एक हिरवा. हा पत्र्याचा होता. पण कुठे कुठे पत्र्याचेही वापरले गेले, त्यामुळे एवढ्यावरून काही ठरत नाही. मग अक्षरं. हल्लीचे नकली बिल्ले मशीनवर उठवतात, अक्षरं कशी परेडला उभी केल्यासारखी. इथे एकेक अक्षर हाताने ठोकलेलं, एक वर, एक खाली. नंबर, नाव, आणि हिंदू म्हणून इंग्रजी एच. मला आशा वाटू लागली. खरंच वाटू लागली.

मग उलटा केला. मागे पूर्ण पत्ता. इथे मी सावध झालो. खरी वस्तू मोजकं बोलते, खोट्या वस्तूला फार खुलासे करावे लागतात. तरी काही शिपाई स्वतःच पत्ता कोरून घेत, म्हणून पुसून पुन्हा पाहिलं. आणि शेवटची ओळ वाचली.

"दीपक, हे वाच."

"डिस्ट्रिक्ट रायगड. मग?"

"अरे, लढाईच्या वेळी रायगड जिल्हा होता कुठे? कुलाबा जिल्हा! नाव बदललं एक्क्याऐंशी साली. पकडला!"

'पकडला' हा शब्द मी उच्चारला, आणि चांगला मोठ्याने. कोडं सुटलं की मला असाच आनंद होतो. समोर कोण बसलंय, हे मला दिसलंच नाही. लिहितानाही लाज वाटते आहे.

दीपक ओशाळून म्हणाला, "मी शंभर वेळा वाचलाय हो. पण माझा जन्मच रायगडातला, खटकणार कसं?"

"कुलाबाच व्हता," तानीबाई म्हणाली. "मना म्हाईत हाय. पन मना विंग्रजी कुठं येतंय?" मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "म्हंजी ह्यो बाचा न्हाय?"

"नाही, आजी."

तिने बिल्ला परत घेतला आणि अंगठा त्या अक्षरांवरून फिरवत राहिली. "मंग दीपकच्या आज्यानंच ठोकला," ती शेवटी म्हणाली. "ममईला फिटर व्हता. म्हनला, मिल्ट्रीच्या हापिसातना मिलाला."

हळूहळू सगळं तिच्याच तोंडून कळलं. ब्रह्मदेशच्या आघाडीवर तिचे वडील बेपत्ता झाले, तशी तार आली. बेपत्ता म्हणजे मेला नाही, असं म्हणून तिच्या आईने तार चुलीत घातली. पुढे चाळीसेक वर्षं ती कुंकू लावत राहिली आणि रोज रात्री एक ताट जास्तीचं वाढत राहिली. जावयाला, म्हणजे त्या फिटरला, ते बघवेना. त्याने बिल्ला आणून सासूच्या हातात दिला, तेव्हा कुठे तिने कुंकू पुसलं.

"हरिहरेश्वराला पिंड ठेवला," तानीबाई म्हणाली. "कावला शिवला न्हाय. दोपार झाली, तरी न्हाय. शेवटाला भटजींनी दर्भाचा कावला केला. आता कलला, कशाला न्हाय शिवला."

मी सांगायचा प्रयत्न केला. बिल्ला खोटा म्हणजे माणूस जिवंत असं नव्हे, बेपत्तांपैकी बहुतेक जण तिथेच गेले, लष्कराकडे नोंदी मागता येतील. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जेवून जावा." तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी. स्वतः वाढत होती. एरवी अशा जेवणावर मी पानभर लिहितो.

तिसऱ्या दिवशी परतायच्या आधी श्रीवर्धनवरून हरिहरेश्वरला गेलो. प्रदक्षिणेची वाट ओहोटीलाच करा, भरतीला खडकांवर जाऊ नका. एक कुटुंब पिंड ठेवून उभं होतं. पाच मिनिटांत कावळे उतरले. त्या लोकांनी सुटल्यासारखे हात जोडले. मी तिथे फार वेळ थांबलो नाही.

पुण्यात येऊन लेखी मत पाठवलं, दोन ओळींचं. बिल्ला युद्धकाळातला नाही, पाठीवरचा जिल्हा नंतरचा आहे. त्यात एक अक्षर चुकीचं नाही. इतकी वर्षं मी समजत आलो की खरं सांगितलं की आपलं काम संपलं. तो फिटर माझ्याहून जास्त विचार करून गेला होता. जिल्ह्याचं नाव तेवढं चुकला.

काल दीपकचा फोन आला. मी घाईने म्हटलं, पाटीचं काय झालं? हवं तर कमिटीशी बोलतो, नाव तरीही घाला म्हणून सांगतो.

"आजीच नको म्हणतेय, सर. म्हणते, ती मेलेल्यांची पाटी हाय, तिच्यावर बाचा नाव नको."

"बरं," मी म्हणालो.

"आणि एक विचारायचं होतं. पणजीचा एकच फोटो आहे घरात, म्हातारपणचा. आजीने काल त्याच्या काचेवर कुंकू लावलं. मोठं, ठसठशीत. म्हणते, माजी आई सवाष्ण गेली. घरात सगळे अवघडून बसलेत. पुसू का?"

मी म्हटलं, "नको पुसूस."