सेंट्रिंगवाल्या काकांची भिंत

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा टाइप केलं, दोनदा उडवलं, कारण काका बजावून म्हणाले होते, "माझ्यावर कायबाय लिहू नकोस हं." पण शनिवार तोंडावर आलाय, मला एका जागी बसवत नाहीये, त्यामुळे लिहून टाकतेच.

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी आपल्या शहरातली नव्या धाटणीची घरं बघायची होती. म्हणजे साठ-पासष्ट वर्षांच्या आतली, सिमेंट-काचेची, आत माणसं राहतायत अशी. नेटवर शोधून शोधून डोळे गेले. जो तो राजवाडे दाखवतोय! शेवटी झेरॉक्सच्या दुकानात भिंतीवर एक कागद दिसला. हाताने लिहिलेला. "नवीन घरे दाखवली जातील. रविवार, सकाळी सात. फक्त बाहेरून." खाली नंबर.

फोन केला. "टूर तुम्हीच घेता का?"

"टूर-बिर नाही. चालायचं असतं. चपला धड घालून ये."

हेच काका. वय सत्तरच्या पुढे, खिशात फोल्डिंगची पट्टी, चालणं असं की मीच मागे धापा टाकतेय. आयुष्यभर सेंट्रिंगचं काम केलं. म्हणजे काँक्रीट ओतायच्या आधी लाकडी फळ्यांचा साचा ठोकायचा. काँक्रीट सुकलं की फळ्या काढायच्या. घर उभं राहतं आणि साचा जातो, त्यामुळे ह्यांचं काम कुणाला दिसतच नाही. पण त्या कॉलनीतल्या पाच घरांना बाहेरून प्लास्टरच नाही. फळ्यांच्या रेषा, लाकडाच्या गाठी, सगळं भिंतीवर जसंच्या तसं उमटलंय.

पहिल्या घराची गॅलरी खांबाशिवाय ही एवढी बाहेर आलीय. काका म्हणाले, "टेकू काढायच्या दिवशी आर्किटेक्ट साहेब खाली जाऊन उभे राहिले. वर मला म्हणतात, या मिस्त्री, तुम्हीही या."

"गेलात?"

"जातोय कसला! बायकोला काय सांगू? मग गेलो. डोळे मिटून."

मी खो खो हसले. मग दर रविवारी जायलाच लागले. कधी आम्ही चौघं, कधी मी एकटीच. एक गोष्ट मात्र खटकायची. चौथ्या घरापाशी काका नीट थांबायचेच नाहीत. सगळ्यात देखणी भिंत त्याच घराची, आणि हे घाईघाईने दोन वाक्यं बोलून पुढे. पुढे जाऊन पुन्हा मागे वळून बघायचे. आठवड्यात मध्येच एकटेही तिकडे चक्कर मारून येतात, हे मला काकूंनी सांगितलं. "काय तिथे पुरून ठेवलंय देव जाणे," म्हणाल्या.

मागच्या रविवारी त्या भिंतीच्या कोपऱ्यात वीतभर नवं प्लास्टर दिसलं. नमुना म्हणून मारलेलं. म्हणजे अख्खी भिंत झाकणार! काकांच्या तोंडावरचा रंगच उडाला. आणि माझं डोकं फिरलं. सरळ जाऊन बेल वाजवली.

घरच्या बाई बाहेर आल्या, हातात कणकेचा गोळा तसाच. मी म्हटलं, "प्लीज ह्या भिंतीवर प्लास्टर करू नका!"

"तू कोण गं? तुझ्या घरात येते का ओल? माझ्या नातवाच्या खोलीत बुरशी धरलीय. दमा आहे त्याला. भिंत बघत बसू का पोराला बघू?"

मागून काका आले. माझ्याकडे असं बघितलं की वाटलं, आता कानाखाली बसणार. पण बोलले बाईंशी.

"ताई, प्लास्टरने ओल जाणार नाही. गच्चीचं पाणी खाली आणणारा पाइप ह्या भिंतीच्या पोटात आहे. तो तुंबलाय. साफ करायला मध्ये एक झाकण ठेवायचं असतं. ते मी विसरलो. फळ्या काढल्यावर लक्षात आलं. साहेबांनी भिंतीची एवढी तारीफ केली, की माझी जीभच रेटली नाही."

अडतीस वर्षं! दर रविवारी लोकांना भिंत दाखवायची, आणि पोटात हे.

बाई म्हणाल्या, "ओल पाच वर्षं येतेय. तुम्ही दर रविवारी माझ्या दारावरून जाता. मी खिडकीतून बघते ना. एकदा बेल वाजवली असती तर?"

काकांनी मान खाली घातली.

शेवटी ठरलं ते असं. काका स्वतः भिंत फोडून झाकण बसवणार. कुठे फोडायचं ते त्यांना पक्कं माहीत आहे, खालून सातवी फळी. बाई महिनाभर थांबणार. ओल सुकली तर भिंत राहील. नाही सुकली तर प्लास्टर, आणि मग कुणी बेल वाजवायची नाही. हे माझ्याकडे बघून.

येताना काका कोपऱ्यावर थांबून एवढंच म्हणाले, "आता चालणं बंद. कुठल्या तोंडाने दाखवू लोकांना?" त्यानंतर माझे फोन उचलत नाहीयेत. काकू म्हणतात, छिन्नीला धार लावून झाली, परत लावतायत, जेवताना उठून परत बघतायत. माझंही तसंच चाललंय. बेल वाजवली ते बरोबर केलं का चूक, अजून कळत नाहीये.

शनिवारी सकाळी आठला ते तिथे असतील, स्वतःच ठोकलेल्या साच्याच्या भिंतीवर छिन्नी लावायला. एकटेच. माझा लेखी पेपर आहे नेमका, मला जमणार नाही. तुम्ही जा ना कुणीतरी. पत्ता मी कळवते. जाऊन नुसतं उभं राहिलात तरी चालेल. आणि धीर झाला तर म्हणा, काका, उद्या रविवार आहे, आम्हाला घरं दाखवाल का? माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील कदाचित. पण लवकर जा.