उडता मिस्त्री आणि आमचे आतोबा

अमेरिकेतली उडती माणसं आणि तिथले दरोडेखोर या दोन विषयांत आमच्या आतोबांइतका अभ्यास असलेला माणूस निजामाच्या अख्ख्या राज्यात दुसरा सापडला नसता, आणि त्या अभ्यासातली एकही गोष्ट बरोबर नव्हती. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मूळ घर पेडगावचं, शेतीचं. पण उर्दू मिडल पास झाल्यामुळे ते परभणीच्या तहसील कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून, म्हणून चिकटले होते. कचेरीला जाताना अंगात शेरवानी, डोक्यावर रुमी टोपी आणि चेहऱ्यावर असा भाव, की आत्ताच कुणाला तरी सजा सुनावून आलेत. प्रत्यक्षात त्यांचं काम मिसली, म्हणजे खटल्यांचे कागद, बांधून फडताळात रचून ठेवायचं होतं. पण दुसऱ्यांचे खटले बांधता बांधता त्यांना फैसला करायची चटक लागली होती. आत्याच्या हातून वरणात मीठ जास्त पडलं, तर ते आधी तिचं बयान ऐकून घेत, मग "मुलजिमला ताकीद देऊन सोडन्यात यायलंय" असं जाहीर करत आणि वरण मुकाट्यानं संपवत.

लढाईचे दिवस होते. सैनिकांच्या गाड्या परभणी स्टेशनात पाण्यासाठी थांबायच्या. एका हिवाळ्यात आतोबा पेडगावहून परतले ते उपरण्यात भाजलेला हुरडा बांधून. समोर सैनिकांची गाडी उभी होती. खिडकीतल्या एका तांबड्या केसांच्या अमेरिकन शिपायानं खुणेनंच "हे काय?" म्हणून विचारलं. आतोबांनी त्याच्या हातावर मूठभर हुरडा ठेवला आणि वर लसणाची चटणी. शिपायाच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं, पण त्यानं हात पुन्हा पुढे केला. असं तीनदा झालं. गाडी हलली तेव्हा त्यानं रंगीत चित्रांच्या किताबांची एक जाडजूड चळत खिडकीतून आतोबांच्या हातात दिली. आतोबांना इंग्रजीचा गंध नव्हता. पण चित्रं बघायला भाषा कशाला लागते, असं म्हणून त्यांनी त्या किताबा रात्रंदिवस बघून पाठ केल्या.

मी परभणीला आलो तो हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर म्हणून, आणि उतरलो आत्याकडे. पहिल्याच गुरुवारी ओसरीवर सतरंजी अंथरलेली दिसली. शेजारचा शिंपी, दवाखान्यातला कंपाउंडर आणि आणखी पाचसहा मंडळी येऊन बसली होती. आतोबांनी हातपाय धुतले, तांबड्या फडक्याची गाठ सोडली आणि एक किताब काढली. मलपृष्ठावर दंडाच्या बेडक्या दाखवणारा एक पैलवान होता. ती ताकदीच्या कसल्याशा औषधाची जाहिरात होती. आतोबा म्हणाले, "आदी बजरंगबलीला हात जोडा." सगळ्यांनी जोडले. मग त्यांनी ती किताब उजवीकडून उघडली.

माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. आतोबांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं, कचेरीचं कामकाज उर्दूत. उर्दू किताब उजवीकडून उघडते, उजवीकडून वाचतात. ओसरीवरची बाकीची मंडळीही त्याच शाळांतून निघालेली. किताब दुसऱ्या बाजूनंही उघडू शकते हा विचार तिथं कुणाला शिवलाच नव्हता. थोडक्यात, अमेरिकेत ज्या गोष्टी जिथं संपत होत्या, तिथून परभणीत त्या सुरू होत होत्या.

आता तो उडता माणूस घ्या. आतोबांच्या किताबेत पहिल्या पानावर चोर पोलिसांच्या मोटारीत बेड्या घालून बसलेले असत. मग पाठीला चादर बांधलेला एक गडी हवेतून येई. चोरांच्या बेड्या नाहीशा होत. गडी त्यांना चार ठोसे लगावी. त्याची बुक्की बसली की पडलेली भिंत पुढच्या पानावर धडधाकट उभी. चुराडा झालेली मोटार तो डोक्यावर उचलून धरी, तर ती कोरी करकरीत. चोर थैल्या खांद्यावर घेऊन बँकेत शिरत, तिजोरीत नीट ठेवत आणि आल्या वाटेनं घरी जात. सगळं मार्गी लागलं की हा गडी अंगावरचे रंगीबेरंगी कपडे उतरवून घड्याळदुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसे. "कुनाला वाटंल, ह्यो पैलवान हाय," आतोबा श्रोत्यांवर नजर फिरवत म्हणत, "पैलवान न्हाई, मिस्त्री हाय. मूळचा घड्याळजी. दुरुस्तीचा हात हाय तेचा."

या उडत्या मिस्त्रीवर त्यांचा जीव होता, पण तक्रारीही होत्या. पहिली पोशाखाची. विजारीच्या वरून लंगोट घालण्याचं कारण त्यांना कधी उमगलं नाही. शिंपी म्हणे की शिवणारा नवखा असेल. आत्या आतून म्हणे, "घाईत घातलं आसंल वो, तेला काय बायकू हाय का सांगायला?" दुसरी तक्रार त्या गावाबद्दल होती. "एवढ्या भिंती उभ्या केल्या गड्यानं, पन एका मान्सानं तेला घोटभर पानी इचारलं न्हाई. आशा गावात म्या तर वीटसुदीक लावली नसती." एकदा गोठ्याची भिंत पावसानं कलली, तेव्हा आतोबांनी आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिला एक बुक्की मारून पाहिली. भिंत कललेलीच राहिली. हात मात्र आठ दिवस गळ्यात होता, आणि कचेरीत त्यांनी बैलानं मारल्याचं सांगितलं.

पण त्यांच्या लेखी खऱ्या मोलाच्या किताबा दरोडेखोरांच्या. त्यांतली एक त्यांची फार लाडकी होती. पहिल्या पानावर फासाची दोरी आणि तिच्याखाली मान खाली घातलेला माणूस. पान उलटलं की तो कोठडीत. मग कोर्टात. मग रस्त्यावर, हातात पिस्तूल. पुढे पिस्तूल जातं. वाईट सोबती एकेक करून निघून जातात. चेहरा भरत जातो, कपडे साधे होत जातात आणि शेवटच्या पानावर तो लहान पोरगा होऊन घराच्या दारात आईचा हात धरून उभा. ही किताब सांगताना आतोबांचा आवाज बदलायचा. "मिस्त्री मारून सुधरवायलाय. मारून सुधरलेला गडी मार थांबला की बिघडतोय. पन ह्यो बगा. ह्यो आपला आपन निवळायलाय." मंडळी माना डोलवत. शिंपी डोळे पुसत असे.

ते असं का सांगत, हे त्या ओसरीवर सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. आतोबांचा एक धाकटा भाऊ होता. त्यानं कापसाच्या एका जिनिंगमधून यंत्राचा चामडी पट्टा चोरला आणि तो विकायला नेला नेमका त्या जिनिंगच्या दाराशी बसणाऱ्या चांभाराकडे. चोर म्हणूनही तो बेताचाच होता. औरंगाबादच्या जेलात रवानगी झाली तेव्हा आतोबांनी भर कोर्टात सांगितलं होतं, की पुन्हा माझ्या घराची पायरी चढू नको. किताबा हाती आल्या त्या यानंतर. आणि आता त्या भावाचं कार्ड आलं होतं, जेलातल्या कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सुटून गाडीनं येतो आहे. दादांचा जबाब आला तर परभणीला उतरेन, नाही आला तर तसाच पुढं नांदेडला जाईन, पुन्हा तोंड दाखवणार नाही. कार्ड येऊन महिना झाला होता. आतोबा जबाब देत नव्हते, पण दर गुरुवारी तीच एक किताब सांगत होते. आत्या दाराआडून ऐके आणि मला हळूच म्हणे, "नरम पडायलेत. पडू दे."

हे सगळं माहीत असून मी जे केलं, त्याला एकच कारण. मी बावीस वर्षांचा होतो आणि मला इंग्रजी येत होतं. संक्रांतीला पंधरा दिवस होते. आतोबांनी ती किताब उघडली, दोरीचं पान आलं, आणि शिंप्यानं मला विचारलं, "मास्तर, तुमी तर पोरांला इंग्रजी शिकवताव. ह्या कोपऱ्यात काय लिवलंय?" मी पुढे वाकून वाचलं आणि म्हणालो, "शेवट असं लिहिलंय." एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण विद्या स्वस्थ बसू देत नाही. मी किताब हातात घेतली, उलटी केली आणि वर्गात सांगावं तसं समजावून सांगितलं: ही डावीकडून वाचायची, हा पोरगा आधी, दोरी नंतर, तो उडता माणूस भिंती बांधत नाही, पाडतो. आतोबांनी किताब माझ्याकडून परत घेतली आणि डावीकडून एकेक पान उलटत गेले. पोरगा, सोबती, पिस्तूल, कोर्ट, कोठडी. दोरीशी आले आणि तिथं बराच वेळ बघत राहिले. मग फडक्याला गाठ मारून एवढंच म्हणाले, "आजची पेशी बरखास्त."

आत्यानं मला त्या दिवशी वाढलं, पण ताट आपटून. "तुला कुनी इचारलं व्हतं रे? दोन वर्सं लागली त्या मान्साला हितवर यायला. तू येका घडीत वाटुळं केलंस. तुजी इंग्रजी साळंत ठिवून येत जा की!" पुढचे दोन गुरुवार सतरंजी अंथरली गेली नाही. उडत्या मिस्त्रीचं नाव निघेना. एके दिवशी वरणात मीठ जास्त पडलं, तर आतोबांनी बयानही घेतलं नाही, फैसलाही दिला नाही, खाली मान घालून जेवले आणि उठले. आत्या त्या दिवशी चुलीपुढे बसून रडली. आणि कार्डाला जबाब गेला नाही तो नाहीच.

संक्रांतीचा दुसरा दिवस म्हणजे किंक्रांत. त्या दिवशी कुणी चांगल्या कामाला बाहेर पडत नाही. आतोबांनी सकाळीच शेरवानी चढवली, टोपी घातली आणि मला म्हणाले, "मास्तर, चला, जरा स्टेशनावर जाऊन येऊ." आत्या आतून धावत आली. अडवेल असं वाटलं, पण तिनं फक्त टोपी सरळ केली. रस्त्यात मी धीर करून म्हणालो, "आतोबा, माझं चुकलं. मी उगाच बोललो."

"चुकलं न्हाई. बराबर सांगितलं तुमी." "लय इचार केला म्या. हिकडून वाचून बगितलं, तिकडून वाचून बगितलं. तिकडून वाचलं की त्यो बिघडायलाय, हिकडून वाचलं की सुधरायलाय. पन मास्तर, कुनीकडूनबी वाचा, पोरगं तर तेच हाय न्हवं? आता त्या दोरीपाशी तेला येकट्याला कामून सोडावं मानसानं?" एवढ्यात स्टेशन आलं.

गाडी आली. थांबा पाच मिनिटांचा. मी इंजिनाकडून एकेक डबा बघत निघालो आणि आतोबा गार्डाच्या डब्याकडून. मी अर्ध्या गाडीपर्यंत पोचलो तोवर त्यांनी त्याला शोधलं होतं. शेवटून तिसऱ्या डब्यात, डोक्यावरून घोंगडं घेऊन, प्लॅटफॉर्मकडे पाठ करून तो बसला होता. आतोबांनी खिडकीतून हात घालून त्याचं गाठोडंच बाहेर ओढलं आणि काखेत मारलं.

"कुटं चाललास?"

"नांदेडला, दादा." त्यानं वळूनही पाहिलं नाही. "जवाब आला न्हाई तुमचा."

"जवाब कशाला? म्या सवता आलाव न्हवं? उतर, गाडी सुटायली."

तो उतरला तेव्हा गाडी खरोखरच हलली होती. आतोबांनी त्याचा दंड धरला आणि घरापर्यंत सोडला नाही. धाकटा दोनदा मागे राहायला बघत होता. आतोबा दोन्ही वेळा थांबले आणि म्हणाले, "मागं न्हाई, संगं चाल." भर बाजारातून, कचेरीच्या समोरून ते तसे गेले. लोक बघत होते. आतोबांनी प्रत्येकाला सलाम केला आणि प्रत्येकाला न विचारता सांगितलं, "भाऊ हाय माझा. धाकटा."

त्या गुरुवारी सतरंजी पुन्हा पडली. आतोबांनी आता नवा कायदा केला होता: प्रत्येक किताब आधी डावीकडून सांगायची, अमेरिकेचा मान म्हणून, आणि मग उजवीकडून, परभणीचा. नंतर पंचांनी कौल द्यायचा. कौल दर वेळी परभणीला मिळायचा. धाकटा कोपऱ्यात बसून ऐकत असे. कोठडीचं चित्र आलं तेव्हा तो पहिल्यांदा बोलला, "दादा, ह्ये चित्र काडनारा जेलात गेल्याला न्हाई. येवढा उजेड नसतोय तितं." आधी आतोबाच हसू लागले, इतके की टोपी पडली, आणि त्यांच्या मागोमाग तोही हसला. मी त्याला हसताना बघत होतो, आणि माझ्या ज्ञानानं हा माणूस नांदेडच्या गाडीत जवळजवळ बसवून दिला होता, हे आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

पुढे लढाई संपली, निजामाचं राज्य गेलं आणि कचेरीतली उर्दूही गेली. आतोबांना उतारवयात मराठी मिसली बांधायला शिकावं लागलं. आता ते नाहीत. मी तीस वर्षं शाळेत पोरांच्या चुका तांबड्या शाईनं खोडत राहिलो; पोटाचा धंदाच तो. पण एखाद्या पोरानं सगळं चुकीचं लिहून भलतंच काही चांगलं म्हटलेलं असलं, की लेखणी वहीवर थांबायची. अशा वेळी आतोबांची फार आठवण यायची, आणि मी ती वही तशीच परत देऊन टाकायचो.