कपाटातला दुसरा तक्ता

पद : दृष्टितपासनीस, बस आगार. नेमणूक : कायम. सेवा : एकोणीस वर्षे. स्वतःची दृष्टी : निर्दोष (स्वतःच प्रमाणित). सेवेतील नातेवाईक : एक, सख्खा धाकटा भाऊ, चालक, मार्ग क्रमांक नऊ. वर्तणूक : समाधानकारक. पक्षपाताची तक्रार : निरंक.

आगारात तिला तक्तेबाई म्हणत. तोंडावर अर्थात नुसतं 'बाई'. दर वर्षी प्रत्येक ड्रायव्हरने तिच्या खोलीत यायचं, फरशीवरच्या पिवळ्या पट्टीवर उभं राहायचं, आधी एक आणि मग दुसरा डोळा झाकून समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायची. सगळ्यात वर ताटाएवढं एक अक्षर, खाली उतरत उतरत मुंगीएवढी. वाचली की शिक्का, आणि शिक्का बसला की वर्षभर स्टेअरिंग हातात.

बारा वर्षांपूर्वी एका ड्रायव्हरने भर दुपारी उभ्या ट्रकला मागून धडक दिली. चौकशीत निघालं ते असं, की गडी तक्ता वाचत नव्हता, पाठ म्हणून दाखवत होता. तक्तेबाईच्या ते जिव्हारी लागलं. तिने पदरमोड करून वेगळ्या अक्षरांचा दुसरा तक्ता आणला. इथपर्यंत सगळं शहाणपणाचं होतं. पण तो ड्रायव्हर नदीपलीकडच्या वस्तीतला होता, आणि बाईंनी धडा घेतला तो तक्त्याबद्दल नव्हे, वस्तीबद्दल. दुसरा तक्ता कपाटात गेला. पलीकडचा कोणी आला की कपाट उघडायचं. आपल्यातला आला की भिंतीवरचा जुना आहेच.

"पलीकडच्यांचं पाठांतर दांडगं," ती म्हणे, "नजर कच्ची."

पलीकडच्या कोणी बसचा आरसा घासून आणला, की ती म्हणे 'डोळे'. गेल्या महिन्यात भावाने दोनदा घासून आणला, तेव्हा रस्ता अरुंद होता. रस्ता तोच होता.

त्या दिवशी दुपारी पावणेतीनला बांबू आला. हा पलीकडचा, सहा फुटांच्या वरचा, म्हणून बांबू. बाईंनी मुकाट्याने कपाट उघडलं आणि जुन्या तक्त्यावर दुसरा टांगला. बांबूने दोन्ही डोळ्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, आणि मग कोपऱ्यात बारीक छापलेलं छापखान्याचं नावही वाचलं.

"तेवढं नको होतं," बाई म्हणाल्या.

"दिसलं म्हणून वाचलं." तो खिडकीकडे वळला, तक्त्याकडे पाठ केली. "आता खालचा जुना म्हणून दाखवू? सहावी ओळ. ग, ट, न, व, ल, प."

बाईंच्या हातातला शिक्का हातातच राहिला. "कोणी शिकवला?"

"कँटीनने. नवा माणूस आला की पहिला चहा आणि पहिला पाठ. अख्ख्या आगाराला येतो, बाई. वॉचमनलाही येतो, त्याला गरज नसताना."

"आमची माणसं असलं काही करत नाहीत."

"नसतील करत. मी काय म्हणतो, माझ्यासाठी कपाट उघडता ते चांगलंच करता. कधीतरी सगळ्यांसाठी उघडून बघा."

"मला माझं काम शिकवू नका." बाई उठल्या आणि दुसरा तक्ता उतरवायला त्यांनी खिळ्याकडे हात नेला.

तेवढ्यात दार न वाजवता भाऊ आत आला. तो कधीच वाजवत नसे. "ताई, आटप लवकर. तीन वीसची नऊ नंबर माझीच आहे."

हात खिळ्यावर होता. एक झटका, की जुना तक्ता समोर. पण बांबू बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर कुठे तरी हसू आहे असं बाईंना वाटलं. प्रत्यक्षात नव्हतं. बाईंच्या मनात आलं, बघू दे याला. आमच्या घरची नजर काय असते ती बघूनच जाऊ दे. आणि त्यांनी हात खाली घेतला. म्हणजे त्या खोलीत आपल्यातल्या माणसाची बारा वर्षांतली पहिली रास्त तपासणी झाली ती निव्वळ आकसापोटी.

भाऊ पिवळ्या पट्टीवर उभा राहिला. उजवा डोळा झाकला. "वरच्या ओळी सोडून देतो, एकदम खाली येतो. तेवढाच तुझा वेळ वाचेल." आणि दुसऱ्या तक्त्याकडे टक लावून, छाती काढून तो म्हणाला, "ग, ट, न, व, ल, प."

बांबूने खाली मान घातली आणि शर्टाचं लागलेलंच बटण पुन्हा लावलं.

"डावा झाक," बाई म्हणाल्या.

"ग, ट, न, व, ल, प."

"सगळ्यात वरचं? मोठं?"

भाऊ हसला. "र. ते तर पलीकडचासुद्धा वाचेल! काय रे बांबू?"

वर 'ध' होता. ताटाएवढा, काळाकुट्ट.

"घाल शिक्का, ताई."

बाईंनी घड्याळ पाहिलं. तीनला चार कमी. नऊ नंबर शाळेवरून जाते, मग उतार, मग पूल. ड्रायव्हरांची निवृत्ती लवकर; भावाच्या निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. शिक्का शाईच्या डबीवर टेकलेला होता आणि खोलीत साक्षीदार एकच, तोही पलीकडचा. त्याचं कोण ऐकणार होतं? हे त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि येऊन गेल्याचं त्यांना कळलं.

बांबू दारापर्यंत गेला. "मी काही ऐकलेलं नाही, बाई," तो हळूच म्हणाला. "फक्त एवढंच, की मी घरी नऊ नंबरने जातो."

बाईंनी शिक्का खाली ठेवला.

"हा तो तक्ता नाही," त्या भावाला म्हणाल्या.

"कुठला?"

"समोरचा."

भाऊ एक पाऊल पुढे गेला. डोळे बारीक केले. आणखी एक पाऊल. आणखी दोन. हात लांब केला तर भिंतीला टेकेल इतक्या अंतरावर तो थांबला आणि तिथेच उभा राहिला.

"कधी बदललास?" तो म्हणाला. "मला न सांगता?"

"बस जरा खाली. मोतीबिंदू असेल. ऑपरेशन होतं हल्ली, पटकन."

"याच्यासमोर? पलीकडच्याला पास आणि पाठच्या भावाला नापास?"

"त्याला दिसतं रे."

"आणि मला इतकी वर्षं दिसत होतं, ते?"

याचं उत्तर बाईंच्याच विरुद्ध जात होतं. त्यांनी अर्जावर 'अपात्र' लिहिलं. तीन अक्षरांच्या त्या शब्दाला त्यांना दोनदा पेन उचलावं लागलं.

नऊ नंबर सतरा मिनिटं उशिरा सुटली. बांबूच घेऊन गेला.

पुढच्या महिन्यात बेचाळीसच्या बेचाळीस ड्रायव्हरांना दुसरा तक्ता लावला. तेरा गळाले. त्यांत पलीकडचा एकही नव्हता, आणि यात नवल काही नाही. त्यांच्यातले कच्चे डोळे बाई बारा वर्षं वेचून काढत आल्या होत्या. ज्यांच्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, तेवढ्याच माणसांचे डोळे आगारात खात्रीचे होते.

भावाला फाटकावर बसवलं आहे, आल्या-गेल्या गाडीची नोंद ठेवायला. नंबर तो ड्रायव्हरलाच विचारतो. ऑपरेशनची तारीख त्याने तीनदा पुढे ढकलली, कारण केलं आणि दिसू लागलं तर ताईचं खरं ठरेल. बाई रोज त्याच फाटकातून आत येतात. तो त्यांना ओळखत नाही, की ओळख दाखवत नाही, हे त्यांना एवढ्या अंतरावरून सांगता येत नाही.

वर्षअखेरीच्या अहवालात त्यांची सेवा वीस वर्षे झाली. वर्तणूक समाधानकारकच आहे. पक्षपाताची तक्रार : एक. तक्रारदार : सख्खा भाऊ.