नैवेद्याआधीचं पान

पाय चिघळला नसता तर मी ख्रिस्ती झालो नसतो, असं माझे काका शेवटपर्यंत म्हणत राहिले, आणि त्यात तथ्य होतं. बांधावरून घसरून गुडघ्याखाली लागलेली जखम पावसाळाभर वाहत राहिली. गावातले पाले थकले, अंगारे थकले, तेव्हा काकांनीच मला बैलगाडीत घालून किनाऱ्यावरच्या मिशनच्या दवाखान्यात आणून टाकलं. पाय बरा व्हायला दिवाळी उलटली. तोवर मी तिथे औषधांच्या बाटल्या धुवायला लागलो होतो. पुढे बाटल्यांवर डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटवू लागलो, मग मिक्श्चर करायला शिकलो आणि तिथेच नोकरीला राहिलो. प्रार्थनेला आधी दाराबाहेर उभा राहायचो, मग दारात, मग आत. पन्नास साल उलटलं त्या सुमाराला मी बाप्तिस्मा घेतला. मला कोणी पैसे दिले नाहीत, फसवलंही नाही, हे सांगून सांगून मी इतका कंटाळलोय की आता कोणी विचारलं तर नुसता हसतो.

बाप्तिस्म्याच्या आदल्या वर्षी वडील वारले. शेवटच्या दुखण्यात त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, ‘‘खंयही रव, पण चवथीक घराक येवक होया. तुझ्या आवशीक त्या दिसाक एकटी ठेव नको.’’ गणेशचतुर्थीला आईजवळ असायचं, याला मी होय म्हणालो. तेव्हा पुढे काय वाढून ठेवलंय ते ना त्यांना माहीत होतं, ना मला. वर्षभराने मी मंडळीसमोर उभा राहून दुसरा शब्द दिला. यापुढे एका प्रभूचीच सेवा करीन, मूर्तिपूजेत भाग घेणार नाही, मूर्तीला दाखवलेलं अन्न खाणार नाही. दोन्ही शब्द माझेच, आणि दोन्ही मनापासून दिलेले. कोकणात घरातल्या गणपतीला जायचं आणि नैवेद्याचं खायचं नाही, म्हणजे पाण्यात उतरून कोरडं राहायचं.

तरी मी गेलो. पहिल्या वर्षी फडक्यात पोहे बांधून घेतले आणि भल्या पहाटे निघालो. अंगणातच काका भेटले. वडिलांमागे घराचे कर्ते तेच. ते तापट होते, पण दुष्ट नव्हते. मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाले, ‘‘इलंस तां बरा झाला. पडवीत बस. भितर येव नको.’’ गणपतीच्या वर लाकडाची माटवी टांगलेली असते. तिला रानातली फळं, नारळ, कांगण्या बांधायचं काम पूर्वी माझं होतं. आता माझा देव मला तिला हात लावू देत नव्हता आणि काकाही देत नव्हते. तेवढ्या एका बाबतीत त्या दोघांचं एकमत होतं.

मी पडवीत बसलो. आत चुलत भावंडं आरतीच्या झांजा शोधत होती, भटजींची वाट बघणं चाललं होतं. ज्या घरात मी रांगलो त्या घराच्या पडवीत मी पाहुण्यासारखा, खरं तर पाहुण्याहून परका, बसलो होतो. पाहुण्याला निदान पाणी विचारतात. फडक्याची गाठ सोडायचाही धीर होईना.

इथे आईविषयी सांगायला हवं. नैवेद्याच्या स्वयंपाकात ती मीठसुद्धा चाखून बघत नसे. फुलाचा वास आधी देवाने घ्यायचा, मग आपण. लहानपणी एकदा मी खिरीच्या टोपात बोट घातलं होतं. तिने मला मारलं नाही, सगळी खीर गाईला घातली आणि नव्याने दूध तापवायला ठेवलं. त्या दिवशी पंगत उतरत्या उन्हात बसली आणि काकांनी माझे कान धरले ते वेगळंच.

तर ती आई मागच्या दाराने, परसातून वळसा घालून, पडवीत आली. हातात केळीचं पान होतं, वर दुसरं पान झाकलेलं. भटजी अजून यायचे होते. पूजा सुरू झाली नव्हती. पान माझ्यासमोर ठेवून तिने वरचं पान काढलं. मोदक, भात, वरण, अळूचं फतफतं, सगळं वाफाळत होतं.

‘‘ह्यां पान मी निवेद दाखवच्या आदी वाढलंय,’’ ती हळू म्हणाली. ‘‘जेव.’’

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं.

‘‘आये, ह्यां काय केलंस?’’

‘‘तुझ्या देवाक चलणा नाय म्हणान तू माझ्या दारात उपाशी रवतलंस? माझो देव माका वळाखता. तो माका समजान घेतलो.’’ मग तिने आत बघितलं. ‘‘पण तुझ्या काकाक कळला तर माका परत चुलीकडे उभी करूचे नाय. कोणाक सांगू नको. माझ्या गळ्याची शपथ घे.’’

‘‘आमच्यात शपथ घेत नाय, आये.’’

‘‘शपथ नाय? मगे तुझो शब्द कसो धरू?’’

‘‘होय म्हटलंय म्हणजे होय. कोणाक सांगूचंय नाय.’’

तिला ते पटलं की नाही कोण जाणे. पदराने डोळे पुसत ती आली तशी परत गेली. मी जेवलो. मीठ थोडं कमी होतं.

आता काका नाहीत, काकी नाही, त्या घरची चूलही कधीच निवली. म्हणून हे लिहितोय. आईला दिलेला शब्द इथे मोडतो की तो आपोआप सुटलाय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दर वर्षी मी जात राहिलो आणि दर वर्षी मागच्या दाराने ते पान येत राहिलं. आम्ही त्याविषयी पुन्हा बोललो नाही. पंगत उठल्यावर काकांना पडवीत माझं रिकामं पान दिसे, ते कधी वाढलेलं हे त्यांना ठाऊक नसे. पण काकांच्या पोटात गोष्ट राहत नसे. पुतण्या बाटला तरी चवथीला घरी येतो, पडवीत का होईना पण घरचं जेवतो, याचा त्यांना आतून अभिमान होता. मालवणच्या बाजारात सुपारी विकायला गेले की सांगायचे, ‘‘आमचो झिल पाद्र्याकडे गेलो तरी चवथीचा अन्न सोडूक नाय हां!’’ ते कौतुक बाजारातून निघून फिरत फिरत आमच्या मंडळीच्या एका वडिलांच्या, म्हणजे चर्चच्या पंचांपैकी एकाच्या, कानावर गेलं. हे वडील शिंपी होते. कापड बेतून कापावं तसे ते माणसंही बेतून बघत.

मला पंचांपुढे बोलावलं. आमचे पाळक, म्हणजे पाद्री, घाटावरचे, शांत, शुद्ध मराठी बोलणारे. त्यांनीच विचारलं.

‘‘बंधू, तुम्ही चतुर्थीला घरी जेवता?’’

‘‘होय.’’

‘‘त्याच चुलीवरचं?’’

‘‘होय.’’

‘‘ते अन्न मूर्तीला दाखवलेलं असतं, हे तुम्हाला ठाऊक आहे?’’

इथे मी थांबलो. ‘नसतं’ एवढा एकच शब्द बोलायचा होता. पण तो बोललो की पुढचा प्रश्न ठरलेला, तुम्हाला कसं ठाऊक? आणि शिंप्याच्या दुकानातून माझ्या काकांच्या कानापर्यंतचा रस्ता किती जवळचा आहे ते मी नुकतंच पाहिलं होतं, फक्त उलट्या दिशेने. मी म्हणालो, ‘‘याचं उत्तर मला देता येत नाही.’’

पाळकांना वाईट वाटलं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ते म्हणाले, ‘‘उत्तर राहू द्या. यापुढे त्या दिवशी जाणार नाही, एवढं म्हणा. विषय इथेच संपेल.’’ तेही मला म्हणता आलं नाही. वडिलांना दिलेला शब्द आडवा आला. मग पश्चात्ताप होईपर्यंत मला प्रभुभोजनापासून दूर ठेवायचं ठरलं.

ज्याने हे सोसलेलं नाही त्याला वाटेल, भाकरीचा एक तुकडा आणि घोटभर द्राक्षरस, त्यात काय एवढं. मी एका घराच्या पंगतीतून उठून या पंगतीत आलो होतो. आता इथेही ताट पुढे सरकताना माझ्यापाशी येऊन माझ्या शेजाऱ्याकडे जाई. शेजारी संकोचाने हात लांब करून ते घेई. पुढे पुढे त्यालाही त्रास नको म्हणून मी मागच्या बाकाच्या टोकाला बसू लागलो. माझ्या लग्नाचं कुठे बोलणं चाललं होतं, ते थांबलं आणि पुन्हा कधी निघालंच नाही. लोक वाईट वागत नसत. दवाखान्यात येत, औषध घेत, बरं आहे ना विचारत, पण माझ्या खोलीत कोणी येत नसे. रविवारी दुपारी उपासना सुटली की सगळ्यांच्या घरातून रश्श्याचा वास यायचा आणि मी स्टोव्हवर भात लावायचो. एकटं वाटायचं. फार एकटं वाटायचं. दुसरा शब्द नाही त्याला.

रागही यायचा. देवाशी भांडायचो. तुझी आज्ञा मी मोडली नाही हे तुला ठाऊक आहे, मग तू या पंचांना का सांगत नाहीस? तू आईबापांचा मान राखायला सांगतोस, तो राखतोय. खोटं बोलू नको म्हणतोस, बोलत नाही. दिलेला शब्द पाळायला सांगतोस, तो पाळतोय. सगळं पाळून मी बाहेर कसा? एकदा तर मन घट्ट करून पाळकांच्या दारापर्यंत गेलो, की यांना एकट्यांना सांगून टाकू. ते अंगणात मुलाचा पतंग दुरुस्त करत बसले होते. वाटलं, हे सांगितलं तर हा भला माणूस माझ्यासाठी पंचांशी भांडेल, आणि भांडताना त्याला कारण सांगावंच लागेल. तसाच मागे फिरलो. हे आज्ञापालन की माझा जुना कोकणी हट्ट, असा प्रश्न मला तेव्हाही पडायचा. बहुतेक दोन्ही असावं.

एका चवथीला पान ठेवता ठेवता आईने विचारलं, ‘‘तुमच्या थय तुका पंगतीक घेतत मा रे?’’

प्रभुभोजन म्हणजे काय ते मी तिला कधीतरी सांगितलं होतं. तिने ते पंगत म्हणूनच लक्षात ठेवलं होतं. ती माझ्याकडे बघत उभी राहिली. तिने आपल्या देवाचा नेम मोडला होता तो मी त्या पंगतीत स्वच्छ बसावं म्हणून. तिला मी काय सांगणार?

‘‘माझी जागा आसा थय, आये,’’ मी म्हणालो.

मागच्या बाकावर माझी जागा होतीच. आईचा चेहरा निवळला. ‘‘बरा झाला,’’ म्हणाली आणि आत गेली.

गोवा मोकळा झाला त्यानंतरच्या कुठल्याशा उन्हाळ्यात आई गेली. दोन दिवस ताप आला आणि गेली. निरोप पोचून मी घरी जाईपर्यंत चुलत भाऊ मडकं घेऊन पुढे झाला होता. मी लोकांच्या मागे उभा राहून माझी प्रार्थना मनात केली. रडू मात्र तिथे आलं नाही.

भाद्रपदात मी पुन्हा निघालो. आई नव्हती, पण वडिलांना होय म्हणताना मी मुदत घातली नव्हती. काकांनी पडवीकडे बोट दाखवलं. भटजी आले, पूजा झाली, आरत्या झाल्या. मी परसाकडे बघत होतो. तिथून कोणी येणार नाही हे ठाऊक असूनही बघत होतो. आतली पंगत बसली, तेव्हा काकी पुढच्या दाराने पान घेऊन आली. उघडं पान, देवासमोरून उचललेलं. तिने ते माझ्यापुढे ठेवलं आणि ती तिथेच उकिडवी बसली.

‘‘तुझी आवस करी, तां माका जमाचा नाय रे झिला,’’ ती म्हणाली. ‘‘माझो हात होवचो नाय.’’

म्हणजे काकीला ठाऊक होतं. इतकी वर्षं त्याच चुलीपाशी बसून तिने ते बघितलं होतं आणि नवऱ्याला सांगितलं नव्हतं. मी तिला नमस्कार केला. ‘‘काकी, माझ्यान खाववत नाय,’’ म्हणालो. तिने मान हलवली, थोडा वेळ सोबत बसून राहिली आणि मग पान उचलून गोठ्याकडे गेली. मी पाणी पिऊन निघालो.

या वेळी काका बाजारात चिडून बोलले. पुतण्याने अन्नाचा अपमान केला, शिताला हात लावला नाही. तेही पहिल्याच वाटेने शिंप्याच्या दुकानात पोचलं. त्याच संध्याकाळी पाळक माझ्या खोलीवर आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. ‘‘प्रभूने तुमचं मन वळवलं,’’ म्हणाले. मी सांगितलं, ‘‘माझं मन होतं तिथेच आहे.’’ त्यांना तो माझा नम्रपणा वाटला.

पुढच्या प्रभुभोजनाला त्यांनी मला पुढच्या बाकावर बसवलं. ताट आलं आणि या वेळी पुढे गेलं नाही, माझ्यापाशी थांबलं. मी तुकडा घेतला, आणि आईच्या चितेपाशी न आलेलं रडू तिथे आलं. आवरेना. शिंपी वडिलांनी पाठीवर हात ठेवला. बायका डोळे पुसू लागल्या. इतक्या वर्षांनी बंधूला पश्चात्ताप झाला, असं जो तो म्हणत होता आणि खरोखरच आनंदला होता. माझं पान आधी काढून ठेवणारं आता कोणी नव्हतं, म्हणून मी या पंगतीत बसलो होतो.