गिनीपिगची सोयरीक

आमच्या घरी गिनीपिगला हळद लागली, तेव्हा तीन कर्ती माणसं तिथं हजर होती. त्यातला एक मी.

गिनीपिग म्हणजे सशाच्या पिल्लाएवढा, बिनशेपटीचा प्राणी. (नळदुर्गात सगळे त्याला उंदीरच म्हणतात. मी आधी वाद घालायचो, आता नाही घालत.) आमच्या मुक्तानं कॉलेजात असताना चिक्की आणि बुंदी अशा दोन पाळल्या होत्या. मग तिला पुण्यात नोकरी लागली, खोलीमालक जनावर ठेवू देईना, म्हणून दोघी आमच्याकडे राहिल्या. संक्रांतीनंतर बुंदी गेली. चिक्कीनं कोपरा धरला. कोथिंबीर नाकाशी नेली तरी बघायची नाही. खरं सांगायचं तर मुक्ता गेल्यापासून आम्हा नवराबायकोचंही असंच चाललं होतं. स्वयंपाक दोघांपुरता व्हायचा, तरी उरायचा. फक्त आमच्यासाठी कुणी सोबत शोधत नव्हतं.

"पप्पा, तिला एकटं ठेवून जमत न्हाय," मुक्ता फोनवर म्हणाली. "नाही तर ती खाणंच सोडंल."

तिनंच सोलापूरच्या एका बाईंचा पत्ता काढला. टाकून दिलेले प्राणी त्या सांभाळायच्या आणि दत्तक द्यायच्या. त्यांच्याकडे गिनीपिगच्या दोन बहिणी होत्या, कुणीतरी खोक्यात घालून रस्त्याकडेला सोडलेल्या. बाईंनी मला तासभर बसवून घेतलं. घरी कोण असतं, मांजर आहे का, गावाला गेलात तर कोण बघणार? माझ्या सासऱ्यांनी मुलगी देताना एवढी चौकशी केली नव्हती!

"घाई करू नका," बाई म्हणाल्या. "आठ दिवस पिंजरे शेजारी ठेवा. खालची फडकी आलटून पालटून घाला, म्हणजे एकमेकींचा वास ओळखीचा होईल. मगच समोरासमोर आणा."

मी तिसऱ्याच दिवशी तिघींना गच्चीवर एकत्र सोडलं. चिक्कीनं दात वाजवले, एका बहिणीनं तिचे केस उपटले, दुसरी माझ्या पायजम्यात शिरली. मुक्ताला सांगितलं, तर ती म्हणाली, "दोन दिवस सुट्टी काढून येऊ का मी?"

"तू कशाला येतीस एवढ्या लांब? मी हाय की."

फोन ठेवला, तेव्हा बायको दारात उभी होती. "ती येते म्हणली?"

"व्हय."

"आन् तुमी नगं म्हणलात?"

त्यानंतर बायको माझ्याशी चिक्कीमार्फत बोलायला लागली. "चिक्के, सांग त्यांना, जेवण वाढलंय." आता उलटा फोन करून पोरीला ये म्हणावं, तर ते माझ्या तोंडातून निघेना. आमच्या घरातले बाप 'जेवलीस का' विचारतात, 'काळजी घे' म्हणतात. करमत नाही, हे म्हणायची आम्हाला सवयच नाही. मग मी ठरवलं, निदान सोयरीक तरी जुळवून दाखवायची.

तेवढ्यात जळकोटहून माझे वडील आले. आबांची सगळी हयात गुराढोरांत गेलेली. त्यांनी पिंजऱ्यात डोकावून सगळं ऐकून घेतलं.

"गाईला परकं वासरू लावताना काय करताव रं आपण? दोघांच्या अंगाला एकच वास लावायचा. जनावर नाकानं नातं वळखतं."

"पण आबा, कसला वास लावायचा?"

"घरात हळद न्हाय का?"

बायकोनं वाटीभर हळद कालवून आणली. चार दिवसांत पहिल्यांदाच ती माझ्याकडे बघून हसली, म्हणून मी विरोध केला नाही. आबांनी तिघींना नाकापासून मागच्या पायापर्यंत माखलं. तिघीही मुळात पांढऱ्या. चिक्कीच्या कपाळावर बदामी ठिपका होता, तोही हळदीत गेला. आता कुठली कुठली, ते त्यांच्या आईलाही सांगता आलं नसतं.

पण गंमत अशी, की तिघींनी ताबडतोब एकच कोपरा गाठला आणि एकमेकींत तोंडं खुपसून आमच्याकडे पाठ केली. आबांचा हात दिसला की तिघी एकदम मागं सरकायच्या. हळदीचा गुण होता की आमच्या भीतीचा, कोण जाणे! संध्याकाळी तिघी एकाच काडीची कोथिंबीर खात होत्या. मी ऐटीत व्हिडिओ कॉल लावला.

"पप्पा, ह्या पिवळ्या का हायत?"

मी सांगितलं. तिनं आबांसकट आम्हा तिघांना झाडलं, ओल्या फडक्यानं पुसून काढायला लावलं (तरी पिवळा रंग काही हटला नाही), आणि विचारलं, "चिक्की कुठली?"

मी मधलीला उचललं. "ही बघ."

"चिक्के," मुक्तानं हाक मारली. डावीकडची ताडकन उठली आणि खुशीची शीळ घालायला लागली. कितीतरी महिन्यांत तिनं शीळ घातली नव्हती. मी फोन तिच्याजवळ धरला. बायकोनं पदर डोळ्यांना लावला. माझंही काही वेगळं नव्हतं, पण माझ्या हाताला हळद होती.

"भारी जमलं की पप्पा," मुक्ता म्हणाली. "माझी काळजीच मिटली. आता दिवाळीलाच येते निवांत."

दिवाळी आठ महिने लांब होती. बायको काही बोलली नाही, चिक्कीशीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा फोन लावला. "मुक्ता, ह्या परत भांडायल्यात. लई भांडायल्यात. तुला यावंच लागतंय बघ."

"पप्पा, तुमी व्हिडिओ कॉल लावलाय."

माझ्या मागं तिघी एकमेकींच्या अंगावर डोकं टाकून झोपल्या होत्या.

"करमत न्हाय म्हणला असता, तरी आले असते मी," ती म्हणाली. "शनिवारी येते."

शनिवारला तीन दिवस होते. मी पिंजऱ्यापाशी बसलो, तिघींना उठवलं आणि हात जोडून विनंती केली, की पोरगी आल्यावर थोडं तरी भांडा. नाहीतर ती रविवारीच परत जायची.