फादरचा पुरावा मी डिलीट केला

चौदावं, म्हणजे शेवटचं प्रकरण टाइप करता करता माझे हात थांबले. माझे हात सहसा थांबत नाहीत!

फादर आंतोन चर्चच्या दारात उभे होते. समोर चपलाच चपला. शेवटी उरलेल्या जोडीत एक चप्पल एका मापाची, दुसरी भलत्याच मापाची. पळताना खुन्यानं घाईत दुसऱ्याची चप्पल पायात घातली होती. तिथंच तो सापडला.

प्रॉब्लेम असा, की तिसऱ्या प्रकरणात सगळे लोक चपला घालूनच चर्चमध्ये गेले होते. अन् त्यायले तसं पाठवलं होतं मी.

सांगते. मी मंगरूळपीरले एका प्रेसमध्ये डीटीपी करते. म्हणजे लोक हातानं लिहून आणतात, मी ते कॉम्प्युटरवर टाइप करून पानं लावते. लग्नपत्रिका, उरुसाचे पोस्टर, असं. यंदा पहिल्यांदाच आख्खी कादंबरी आली! लेखक उकंडा काका, एसटीतले रिटायर कंडक्टर. अन् डिटेक्टिव्ह कोण, तर कॅथलिक फादर.

"काका, फादरच काहून? पोलीस मेले काय?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"पोलिसाले कोणी खरं सांगते काय? फादरजवळ लोक स्वतः येऊन पाप कबूल करतात. खुनीबी करते."

"मंग झालं! फादर सांगून देईन, खेल खतम."

"तेच तर! कबुलीतलं बाहेर सांगाची त्याले बंदी आहे. खुनी माहीत, पण बोलता येत नाही. म्हणून दुसरा पुरावा पाह्यजे."

आयडिया एक नंबर! पण चर्चच्या दारात चपला? मी पिच्चरमधले सगळे चर्च पाह्यले, लोक बूट घालूनच बसतात. मले वाटलं, काकानं देवळासारखं लिहून टाकलं. प्रकरणं एकेक करून येत होते, पुढं काय आहे मले माहीत नव्हतं. मी गुपचूप सुधारून टाकलं. काकाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून प्रूफ, म्हणजे छापायच्या आधी तपासायची पानं, तेबी मीच पाह्यले. अन् तो फर्मा छापूनबी झाला. फर्मा म्हणजे मोठ्या कागदावर एकदम छापलेली सोळा पानं.

मी मालकाकडं गेली.

"गजूभाऊ, लोचा झाला. चर्चमधल्या चपला गेल्या."

"कोणाच्या?"

"सगळ्यायच्या."

त्यायनं पूर्ण ऐकून घेतलं. "दिपे, तुले टाइप कराले ठेवलं का फादरले सुधराले?"

काकाले बोलावलं. ते खुर्चीत बसूनच राह्यले. "अव, माह्या रूटवर चर्च होतं बाई. दर रविवारी दारात चपलांचा ढीग राहे. म्या दर खेपेले पाह्यला तो."

मले वाटलं आता शिव्या पडतील. पण काका एवढंच म्हणाले, "आता तुही काकू मले सोडत नाही."

काकू म्हणजे डेंजर बाई! टीव्हीवर खून झाला, की मेथी निवडता निवडता दहा मिनिटांत खुनी सांगते. काका तीस वर्षं हरून राह्यले. हे पुस्तक त्यायनं फक्त तिले एकदा हरवाले लिहिलं होतं. पुरावा आधी दिसलाच नाही, तर ती म्हणन, हे तर चीटिंग आहे.

गजूभाऊनं शुद्धिपत्र काढाले लावलं. म्हणजे चूक कबूल करणारी चिठ्ठी, पहिल्या पानावर चिकटवायची. मी दोन मिनिटांत टाइप केली: 'पान ३७: चपला घालून ऐवजी चपला दारात काढून असे वाचावे.' पुस्तक बांधून आल्यावर सगळ्या कॉप्यायले लावली अन् खुशीत काकाले दाखवली.

काकानं वाचली. "पोरी, यानं तर पुस्तक उघडल्याबरोबर खुनी सापडते."

माय वो! खरंच! आख्ख्या पुस्तकात एकच चूक सुधारली, तीबी चपलेची!

"लोकायले समजू दे," काका म्हणाले. "पण तिले नाही."

मंग मी ते सोळा पानं नीट करून ऑफिसच्या प्रिंटरवर काढले. बाइंडरच्या हातापाया पडून एका कॉपीत शिवून घेतले. शुद्धिपत्र नाही. ती कॉपी काकूची.

काकूनं तीन दिवस वाचलं. चौथ्या दिवशी मी मुद्दाम त्यायच्या घरी गेली. शेवटच्या प्रकरणाआधी काकूनं पुस्तक पालथं ठेवलं.

"सांग, खुनी कोण?" काका म्हणाले.

"फादर."

"काय?"

"फादरच. कोणाच्याबी घरात जाते, सगळ्यायचं ऐकते, अन् कोणाले काही सांगत नाही. असा माणूस चांगला असते काय?"

 काकानं उठून स्वतः चहा ठेवला. काकूनं शेवटचं प्रकरण वाचलं, "चप्पल? हॅट!" म्हणाली, अन् भराभर पानं उलटून सदतीस नंबरवर गेली. 

पुरावा तिथंच होता. तिनं दोनदा वाचलं.

"आता दुसरं लिहा," ती काकाले म्हणाली. "त्यात पाहते तुम्हाले."

बाकी आख्ख्या मंगरूळले खुनी माहीत आहे. तवापासून कागदावर जे लिहिलं असन, तेच मी टाइप करते. परवा एका पत्रिकेत दोन नवरदेव आले. मी हात लावला नाही, फोन केला. जुळे भाऊ होते.