साफ प्रिंट

महाडच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत जुल्फिकारचं मोबाइलचं दुकान आहे. आता तिथे स्क्रीनगार्ड, चार्जर आणि रिचार्ज एवढंच चालतं. पण दहाएक वर्षांपूर्वी नाते गावापासून आंबेनळी घाटाच्या पायथ्यापर्यंतची माणसं त्याच्याकडे मेमरी कार्ड घेऊन यायची ती सिनेमांसाठी. कुणी सुट्टी संपवून परत कुवेतला निघालेला असायचा, कुणाकडे गणपतीला मुंबईची पाव्हणेमंडळी जमणार असायची. जुल्फिकार कार्ड भरून द्यायचा आणि प्रिंटची हमीही द्यायचा. थेटरात बसून चोरून घेतलेली, पुढच्याचं डोकं मध्येमध्ये येणारी प्रिंट त्यानं कधी कुणाच्या गळ्यात मारली नाही. पंधरा दिवस थांबा, साफ येईल, असं तो सांगायचा आणि गिऱ्हाईक थांबायचं.

ही विद्या तो सौदीत, दम्मामला शिकला होता. तिथे एका गोदामात त्याची आठ वर्षं गेली. शुक्रवारच्या सुट्टीत खोलीतली सगळी माणसं एका लॅपटॉपभोवती बसायची. एका केरळी सोबत्यानं त्याला टोरंट समजावून सांगितलं. सिनेमा कुठे एका जागी ठेवलेला नसतो. ज्यांच्याकडे तो असतो ती कुठलीकुठली माणसं आपला कॉम्प्युटर चालू ठेवतात आणि प्रत्येकाकडून एकेक तुकडा आपल्याकडे येत राहतो. अशा माणसांना सीडर म्हणतात. एकही सीडर उरला नाही की सिनेमाचं नाव यादीत दिसतं, पण हाताला काही लागत नाही. नावाखाली भलतंच भरलेली फाइल कुठली, व्हायरस कुठला, हे जुल्फिकार नुसता फाइलचा आकार बघून ओळखायला लागला. पुढे त्याची मुलगी आफिया वकिलीच्या पहिल्या वर्षाला गेली तेव्हा तिनं बापाला तोंडावर सांगितलं की ही चोरी आहे. तोवर नेट इतकं स्वस्त झालं होतं की कार्ड भरायला कुणी येतच नव्हतं.

एकवीस सालच्या जुलैत महाडात पाणी भरलं. दुकानात ते छताच्या हातभर खाली येऊन थांबलं. जुल्फिकारच्या तीन हार्ड डिस्का गाळात गेल्या. दहा-बारा वर्षांचे वेचून जमवलेले सिनेमे त्यात होते. सलमा, त्याची बायको, म्हणाली की माणसं वाचली, शुक्र करा. त्यानं शुक्र केलं, दुकान धुतलं आणि सिनेमांचा विषय डोक्यातून काढून टाकला.

त्यानंतर दीडेक वर्षानं भागोजी दुकानात आला.

पंचावन्न-साठचा, अंगानं वाळलेला माणूस. त्याची वाडी पोलादपूरच्या डोंगरात होती. होती म्हणायचं, कारण पाण्याच्या त्याच आठवड्यात डोंगराचा एक भाग वाडीवर आला. भागोजीची बायको ठकूबाई तापानं फणफणली होती आणि तो तिला घेऊन पोलादपूरच्या दवाखान्यात होता. घरी एकोणीस वर्षांची दर्शना होती, गुरांचं बघायला. घर गेलं, गुरं गेली, दर्शना गेली. बाकीच्यांची मढी मिळाली, दर्शना मिळाली नाही. तेव्हापासून नवरा-बायको पोलादपुरात ठकूबाईच्या भावाकडे, काशीरामकडे, मागच्या खोलीत राहत होती.

हे सगळं त्यानं एकदम सांगितलं नाही. आधी त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि एक सिनेमा उघडून नेमक्या ठिकाणी आणला. एक तास बारा मिनिटं. जत्रेचा देखावा होता. थेटरात मोबाइल तिरका धरून घेतलेली प्रिंट, आवाजात कुणाचा तरी खोकला. बांगडीवाल्याच्या पाटीपाशी पिवळ्या कपड्यातली एक मुलगी मान वळवून समोर बघत होती. चेहऱ्याच्या जागी नुसता उजळ डाग होता.

"ही माजी पोरगी," भागोजी म्हणाला. "ह्ये जरा साफ करून मिळंल काय, भाय?"

मग बाकीचं कळलं. दरडीच्या तीन वर्षं आधी घाटात एका मराठी सिनेमाचं शूटिंग झालं होतं. गर्दीसाठी वाडीवरच्या बायापोरींना टेंपोत घालून नेलं होतं. दर्शना तेव्हा दहावीत होती. महाडच्या बाजारातून घेतलेला पिवळा ड्रेस घालून ती गेली आणि दिवसभर बांगड्यांच्या पाटीपाशी उभी होती, असं तिनं घरी येऊन सांगितलं होतं. सिनेमा आठवडाभरही चालला नाही. त्यांच्यातल्या कुणी तो पाहिलाही नाही. दरडीनंतर मुंबईचा पुतण्या मंगेश यानं कुठूनतरी ही प्रिंट शोधून पाठवली.

जुल्फिकारनं विचारलं की दुसरा फोटो नाही का. भागोजीनं आधार कार्डाची झेरॉक्स पुढे केली. त्यातला चेहरा काळपट, कुणाचाही म्हणून खपला असता. दर्शना लाजरी होती. मोबाइल समोर आला की ओढणी तोंडावर घ्यायची. चुलत बहिणीच्या लग्नाच्या फोटोंत तिची पाठ होती आणि मेंदीचा एक हात होता. स्वतःचा फोन होता तो तिच्याबरोबरच गेला.

"तिचं तोंड मला आता नीट आठवत नाय," भागोजी म्हणाला. "ठकूला आठवतं म्हनते. मला नाय."

जुल्फिकारला दम्मामचा एक दिवस आठवला. अम्मी गेली तेव्हा त्याला तिकीट मिळालं नव्हतं. मयत त्यानं फोनवर पाहिली होती आणि मध्येच नेट तुटलं होतं. ते तो भागोजीला बोलला नाही. एवढंच म्हणाला की ही प्रिंट साफ होत नाही, पण दुसरी चांगली कुठेतरी असेल. "मी शोधतो, मामा. मिळाली की फोन करतो."

त्यानं खरंच शोधलं. सिनेमा कुठल्याच अॅपवर नव्हता. बनवणाऱ्या कंपनीचा फोन लागत नव्हता, पत्त्यावर धाडलेलं पत्र परत आलं. मग जुल्फिकारनं जुना कॉम्प्युटर पुसून काढला आणि पुन्हा त्या साइटींवर गेला. निम्म्या बंद पडल्या होत्या, उरलेल्यांनी नावं बदलली होती. कुठे खोट्या फाइली, कुठे तीच तिरकी प्रिंट नवीन नाव देऊन ठेवलेली. तीन महिन्यांनी एका आडबाजूच्या साइटवर एक नोंद सापडली. आकारावरून त्यानं ताडलं की ही थेट डीव्हीडीवरून घेतलेली, साफ प्रिंट आहे. सीडर शून्य.

त्यानं ती लावून ठेवली. आठवडाभर काही हललं नाही. मग एका शुक्रवारी दुपारी आकडा चार टक्क्यांवर गेला आणि थांबला. पुढच्या शुक्रवारी नऊ. जुल्फिकारला हसू आलं. शुक्रवारीच ज्याला सवड असते असा माणूस कुठे असणार, ते त्याला सांगायला नको होतं. आखातातल्या कुठल्या तरी खोलीत कुणी मराठी माणूस सुट्टीच्या दिवशी लॅपटॉप उघडत होता. जुल्फिकारनं नोंदीखाली मराठीत लिहिलं की भाऊ, जमलं तर जास्त वेळ चालू ठेव, एका आईबापांसाठी पाहिजे आहे. उत्तर आलं नाही. पण त्यानंतर शुक्रवारी आकडा जास्त चढायला लागला.

भागोजी महिन्यातून एकदा यायचा. आकडा बघायचा आणि चहा पिऊन पोलादपूरची गाडी पकडायचा. एकदा त्यानं ठकूबाईनं दिलेली नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी आणली. जुल्फिकारनं ती दुकानातच खाल्ली. घरी सलमाला त्यानं सगळं सांगितलं होतं, आफियालाही. चोरीबद्दल आफिया पुन्हा बोलली नाही. कॉलेजातून फोन करायची तेव्हा किती झालं, असं विचारायची.

साफ प्रिंट पूर्ण उतरली तेव्हा मार्च होता. जुल्फिकारनं एक तास बारा मिनिटांवर नेऊन पाहिलं. बांगड्यांचे रंग वेगवेगळे दिसत होते. मुलीच्या कपाळावर घाम होता, एक केस गालाला चिकटला होता. तिनं मान वळवली आणि थेट बघितलं. जुल्फिकारचे डोळे भरून आले. दर्शना जिवंत असताना त्यानं तिला कधी पाहिलं नव्हतं. ओळखायला त्याच्याकडे ती झेरॉक्सच होती.

त्यानं फोन केला आणि म्हणाला की तुम्ही येऊ नका, मीच घेऊन येतो. जुम्म्याची नमाज झाली, त्यानं पेनड्राइव्ह खिशात घातला आणि स्कूटरवर पोलादपूर गाठलं.

काशीरामच्या पुढच्या खोलीत टीव्ही होता. ठकूबाईला त्यानं पहिल्यांदाच पाहिलं. तिनं लुगडं नीट केलं आणि टीव्हीच्या अगदी जवळ खाली बसली. शेजारच्या दोघी बायका दारात उभ्या राहिल्या. जुल्फिकारनं सिनेमा लावला, बरोबर जागेवर नेला आणि मुलगी वळताच चित्र थांबवलं. मोठ्या पडद्यावर चेहरा लख्ख दिसत होता.

ठकूबाई पडद्याकडे बघत राहिली. जुल्फिकारला वाटलं, गहिवर आला असेल. तो मान खाली घालून उभा राहिला.

"पुढं न्या," ठकूबाई म्हणाली. त्यानं पुढे नेलं. मग तिनं मागे न्यायला सांगितलं. मुलगी पुन्हा वळली. साफ प्रिंटमध्ये तिचा ड्रेस पिवळा नव्हता, शेंदरी होता. हनुवटीवर तीळ होता.

"ही नाय आमची," ठकूबाई म्हणाली.

भागोजी म्हणाला, "नीट बघ गो."

"नीटच बघते. ही नाय."

मग सगळी जत्रा त्यांनी पुन्हा बघितली. जुल्फिकार एकेक क्षण थांबवत गेला आणि ठकूबाई पडद्यावरच्या प्रत्येक बाईवर बोट ठेवत गेली. ही रंगूबाई. ही बनुबाईची सून. ह्या आवडीबाईच्या दोघी पोरी. यातल्या कितीतरी जणी त्याच दरडीत गेल्या होत्या, त्या हसत होत्या, पाळण्याकडे बघत होत्या. दारातली एक बाई आपली जाऊ दिसली तशी पदर तोंडाला लावून निघून गेली. पिवळा ड्रेस कुठेच नव्हता. दिवसभर उभी राहिलेली दर्शना कापून टाकलेल्या भागात गेली असेल, किंवा कॅमेरा तिच्याकडे वळलाच नसेल. तीनदा बघून झाल्यावर भागोजीनं उठून स्वतःच टीव्ही बंद केला.

जुल्फिकार म्हणाला, "मामी, माफ करा. मला वाटलं..."

"तुमी कशापाय माफी मागता," ठकूबाई म्हणाली. "तुमी चांगलंच आनलंत." मग ती उठली आणि त्याच्यासाठी चहा ठेवायला आत गेली. चहा येईपर्यंत बराच वेळ लागला. आतून भांड्याचा आवाज येत नव्हता.

परतताना तो वाटेत दोनदा थांबला. घरी जेवला नाही. सलमानं विचारलं तेव्हा म्हणाला की प्रिंट चांगली निघाली, आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

त्यानंतर भागोजी यायचा बंद झाला. जुल्फिकारनं दोनदा फोन लावला, एकदाही उचलला गेला नाही. सारखं त्याच्या मनात यायचं, आपण हात दिला नसता तर त्या दोघांपाशी निदान तो डाग राहिला असता. साफ प्रिंटसाठी माणसांना थांबायला लावण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं, आणि नेमक्या याच माणसाला थांबवायला नको होतं.

दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी भागोजी दारात उभा दिसला. फोन चार्ज होत नव्हता. जुल्फिकारनं त्याला बसायला दिलं, फोनच्या भोकात अडकलेली धूळ टोकदार चिमट्यानं काढली, चार्जर लावून पाहिला. फोन सुरू झाला. स्क्रीनवर ती जुनी तिरकी प्रिंट तशीच ठेवलेली दिसली. जुल्फिकारनं नजर दुसरीकडे वळवली, पण भागोजीनं ते पाहिलं होतं.

"ठकू बघते अजून," तो म्हणाला. "रोज बघते. मी म्हनलं, तुला म्हाईत हाय ना ती आपली नाय? तर म्हनते, हाय म्हाईत. ह्याच्यात तोंड दिसत नाय, तेच बरं हाय."

"आणि तुम्ही, मामा?"

"मी भाईर जाऊन बसतो."

जुल्फिकारनं चहा सांगितला. दोघं चहा प्यायले. पोलादपूरच्या गाडीचा हॉर्न स्टँडवरून ऐकू आला तसा भागोजीनं फोन खिशात टाकला, पिशवी उचलली आणि गल्लीतून घाईघाईनं गाडीकडे गेला.